दाराशी ठेवलेली वाटी

"म्हणजे बांगड्या हातातच होत्या तर."

मोघे सर हे माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले. डोळ्यांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही उभे होतो. आत सोपानच्या उजव्या डोळ्यात डॉक्टर थेंब घालत होते. आणि माझ्या डाव्या हातात दोन सोन्याच्या बांगड्या होत्या. मलाही त्या तेव्हाच दिसल्या.

"सर, मी काढल्या होत्या. वाटीत होत्या. धावत निघालो ना आपण, तेव्हा दारातून जाताना घातल्या असतील."

"असतील?"

"सवयीनं हात गेला असेल."

"सवयीनं," सर म्हणाले. बाकावर सोपानची मामी बसली होती. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढे म्हणाले, "लहान मूल घरात असलं की असं होतं गं. मी दोष देत नाहीये."

"सर, मला लाल दिसलं. सोपान ओरडायच्या आधी. टेबलाच्या त्या टोकाला एकदम लाल काहीतरी पेटल्यासारखं झालं."

"लेझर हिरवा आहे आपला. लाल कुठून येणार?"

"तेच तर."

"संज्योत," त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, "रात्रीची झोप होते का तुझी?"

त्या थोपटण्याची जागा मला आजही दाखवता येईल.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी आणि सोपान तेव्हा मोघे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, ते लोक अजून तिथे आहेत. आमचं काम सांगायला सोपं होतं. एखाद्या वायूवर लेझरचा एकाच रंगाचा प्रकाश टाकायचा आणि तो वायू उलट कुठल्या रंगात उजळतो ते मोजायचं. प्रत्येक पदार्थाचं हे उत्तर वेगळं असतं आणि ते बदलत नाही. माझी आई शेजारणींना सांगायची, "आमची संज्योत उजेडाला प्रश्न विचारते." मला ते आवडायचं.

सांगायला सोपं, पण करताना जपावं लागे. आमच्या लेझरचा बीम काडीएवढा बारीक होता, पण सरळ डोळ्यात गेला तर डोळा गेलाच. बीम टेबलाला समांतर, कमरेच्या उंचीवरून जायचा. तिथून तो आपणहून वर येत नाही. मध्ये काही चकचकीत आलं तरच उसळतो. म्हणून प्रयोगशाळेच्या दाराशी एका स्टुलावर स्टीलची वाटी ठेवलेली असे. आत जाणाऱ्यानं अंगावरचं चकाकणारं सगळं त्यात टाकायचं. सोपान घड्याळ टाकायचा, मी बांगड्या आणि मंगळसूत्र. सरांची अंगठी बोटात रुतून बसली होती. ती निघत नसे, म्हणून ते तिचा खडा तळव्याच्या बाजूला फिरवायचे आणि "झालं, खडा आत" म्हणून पुढे जायचे. एकदा सोपान वाटीत डोकावून म्हणाला होता, "ताई, कुणी लुटायला आलं तर त्याला आत यायचीसुद्धा गरज नाही."

दुसरा नियम हाकेचा. बीम सोडायच्या आधी जो लेझरसमोरचं शटर उघडणार त्यानं ओरडायचं, "डोळे!" आणि खोलीतल्या प्रत्येकानं नारिंगी काचेचा गॉगल लावून म्हणायचं, "झाकले!" सगळ्यांचं आल्याशिवाय शटर उघडायचं नाही. त्या नारिंगी काचेतून हिरवा अजिबात दिसत नाही. गॉगल लावून त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहिलं की बीम चालू आहे की बंद हेही कळत नाही. बाकी रंग दिसतात.

नियमात एक भोक होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या उजेड मोजणाऱ्या मीटरचे आकडे हिरवे होते, गॉगलमधून दिसायचे नाहीत. खरं म्हणजे शटर बंद करायचं, आकडा वाचायचा, पुन्हा हाक द्यायची. तसं कुणी करत नसे. टेबलाकडे पाठ करायची, गॉगल कपाळावर सरकवायचा, आकडा वाचायचा, गॉगल खाली घ्यायचा, मग वळायचं. आम्ही सगळे हेच करायचो आणि कधी काही झालं नव्हतं.

त्या दुपारी मी रेवाला पाजून आले. संस्थेच्या मागच्या गल्लीत पाळणाघर होतं. रेवा पाच महिन्यांची होती आणि दर दुपारी मी धावत जायचे, धावत यायचे. आले, वाटीत बांगड्या टाकल्या, मंगळसूत्र टाकलं. "डोळे!" म्हटलं. सोपान म्हणाला, "झाकले!" खोलीत आम्ही दोघंच होतो. शटर उघडलं आणि मी टेबलाच्या अलीकडच्या टोकाला भिंग हलवत बसले.

मग दार उघडलं, पडदा हलला. बाहेर धोक्याचा दिवा लागलेला असताना आत येणारा माणूस एकच होता. सर काही न बोलता अंधारात पलीकडे गेले. ते काय करतात हे दिसत नव्हतं, पण ते नेहमी काय करतात ते ठाऊक होतं. आम्ही तासभर जुळवलेला आरसा ते बोटांनी जरासा हलवायचे. मीटरजवळ सोपान आकडे वाचत होता, माझ्या अंदाजानं पाठ करून, गॉगल वर करून.

"सोपान, इकडे बघ जरा," सर म्हणाले.

मग ते लाल. पलीकडच्या टोकाला मुठीत निखारा धरावा तसं, क्षणभर.

आणि सोपानचं ओरडणं.

हे मी दवाखान्यात सांगितलं. सर म्हणाले, ते मीटरपाशी उभे होते, सोपानच्या शेजारी, आरशापाशी गेलेच नाहीत. आणि मी म्हणे अलीकडे बसून बीममध्ये हात घातला, हातात बांगड्या होत्या. अंधारात कोण कुठे होतं हे कोण सांगणार? मनगटावरच्या बांगड्या मात्र व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्यांना दिसल्या होत्या.

"माफी मागून टाक ना," हेरंब म्हणाला.

हेरंब माझा नवरा. वाईट माणूस नाही. तो रेवाचे लंगोट दोरीवरून काढत होता.

"कशाबद्दल माफी मागू?"

"अगं, मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? चुकून राहिल्या म्हणायचं. विषय संपला."

"राहिल्या नव्हत्या."

"नक्की?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं घड्या घालायचं थांबवलं नाही.

"परवा दूध उतू गेलं," तो म्हणाला. "मंगळवारी तू रेवाला एका पायात मोजा घालून नेलंस. मी तुला बोलत नाहीये संज्योत, पण होतं ना असं?"

त्या दिवसांत मी झोपलेल्या रेवाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत असे. गॅसचं बटण बंद केलं की हात लावून बघायचे, परत येऊन पुन्हा बघायचे. पाळणाघरातल्या बाईंनी नखं कापलीत का हे त्यांच्या नकळत बघून ठेवायचे. इतकं बघणारी मी, आणि घरात, दवाखान्यात, कँटीनमध्ये सगळ्यांनी एकमतानं ठरवलं होतं की माझं लक्ष नसतं.

आणि सगळ्यात घाण गोष्ट ही, की मलाच खात्री वाटेनाशी झाली. त्या दुपारी वाटीत बांगड्या टाकल्याचा आवाज मला आठवत होता. पण तो त्याच दुपारचा कशावरून? रोज टाकायचे, रोज तोच आवाज. दोन दिवस मी स्वयंपाकघरात बांगड्या काढायचे, घालायचे, डोळे मिटून आठवायचे. सोपानचा डोळा मी घालवला असेन तर? माझ्या हातानं, माझ्या सोन्यानं?

फक्त ते लाल तेवढं कशातच बसत नव्हतं. सोन्यावर हिरवा प्रकाश पडला तर हिरवाच उसळतो, आणि गॉगलमधून तर तोही दिसत नाही. काळाच राहणार. लाल दिसायचं तर तिथे असं काहीतरी हवं जे हिरवा घेतं आणि स्वतःचा लाल देतं. तसलं आमच्या टेबलावर काहीच नव्हतं. आमचा वायू लोखंडी कोठडीत बंद होता.

तिसऱ्या दिवशी मी सोपानला भेटायला गेले. तो नगरकडचा. पुण्यात मामाकडे राहायचा. मामीनं मला चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"ये ताई," सोपान म्हणाला. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. "पट्टी काढली ना, की बरोबर मधोमध काळं दिसतं. कडेचं सगळं दिसतं. डॉक्टर म्हणाले, ज्याच्याकडे बघशील तेच दिसणार नाही. म्हणजे तुझे कान दिसणार, तोंड नाही. चांगलीच सोय झाली."

मी हसले नाही. तोही हसायचा थांबला.

"भरून येणार नाही म्हणाले का?"

"नाही म्हणाले."

मग तो म्हणाला, "शुक्रवारी चौकशी समिती आहे."

"माहितीये."

"ताई, तू हो म्हणून टाक."

"काय?"

"बांगड्यांचं."

"सोपान, सरांचा आवाज कुठून आला? 'इकडे बघ' म्हणाले ते. शेजारून म्हणाले का लांबून?"

तो चादरीची दशी ओढत बसला.

"तू वळलास, म्हणून डोळ्यात गेलं. शेजारी उभा असलेला माणूस 'इकडे बघ' म्हटला तर मागे कशाला वळशील तू?"

"माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर आहे," तो म्हणाला. "सगळा लिहून झालाय. त्यांनी सही केली की मी सुटलो. नाही केली तर एक डोळा घेऊन परत पहिल्यापासून? कुणाकडे जाऊ? आणि सर म्हणाले, जागा निघतेय, तुझं बघतो." मग हळू आवाजात, "तुझं काय ताई, तुझा नवरा मिळवता आहे. घर आहे. मुलगी लहान आहे. थोडे दिवस घरी बसलीस तर..."

"तर काय?"

"तर काही बिघडत नाही, एवढंच."

मी उठले. कप बशीत आपटून ठेवला. एका डोळ्यानं आंधळं झालेल्या मुलावर ओरडायचं नसतं म्हणून ओरडले नाही. जिना उतरताना मात्र मोठ्यानं, एकटीच म्हणाले, "काही बिघडत नाही!" खालच्या मजल्यावरच्या माणसानं दार उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते नुकतेच प्रयोगशाळेतून आले होते.

"बस. रेवा कशी आहे? दात आले का?"

"नाही अजून."

"हे बघ, शुक्रवारी वर्तक बाई असणार आहेत. कडक बाई आहेत, पण मी आहे ना. तू एवढंच सांगायचं, की घाई होती, मुलीला पाजून आले, बांगड्या काढायच्या राहिल्या. बायका समजून घेतात. थोडे दिवस प्रयोगशाळेत येणं बंद करू, मुलगी मोठी होऊ दे, मग बघू. एखादा लेख वगैरे लिही घरून."

"आणि मी तसं नाही म्हटलं तर?"

"मग प्रश्न येतो, दुसरं काय झालं असेल?" ते हसले. "तुझं ते लाल? संज्योत, समितीत पदार्थविज्ञानातले लोक आहेत. हिरव्या लेझरमधून लाल दिसलं म्हणशील तर मला लाज वाटेल. माझी विद्यार्थिनी आहेस."

बोलता बोलता ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी उजव्या हातातली अंगठी फिरवत होते. प्रयोगशाळेतून आले की ते नेहमी असंच करायचे. आत वळवलेला खडा पुन्हा बाहेर आणायचा. तो कुठे तरी अडकला, त्यांनी जोर लावला आणि तो वर आला. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं.

ती अंगठी मी पाच वर्षं बघत होते. ज्योतिषानं सांगितली होती, सूर्यासाठी. सूर्य बलवान झाला की अधिकारपद मिळतं म्हणे. सर संचालक होणार अशी तेव्हा चर्चा होती. त्यांनी स्वतःच कौतुकानं सांगितलं होतं. रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी होते, तशी ती मला दिसेनाशी झाली होती.

"ऐकतेयस ना?"

"हो सर," मी म्हटलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. "सांगते समितीला. पण केबिनमध्ये नको. प्रयोगशाळेतच. बीम लावून दाखवते, बांगडी कुठे आली असेल ते. एकदा सगळ्यांना नीट कळू दे."

त्यांना ते आवडलं. "ही खरी वैज्ञानिक वृत्ती," ते म्हणाले.

बाहेर येऊन मी स्वच्छतागृहात गेले, नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा धरून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अंगात नुसती आग भरली होती, आणि दूध दाटून ब्लाउज भिजला होता.

शुक्रवारी सगळे प्रयोगशाळेच्या दाराशी जमले. वर्तक बाई रसायनशास्त्रातल्या. उंच, केस पांढरे, आवाज कोरडा. त्यांच्याबरोबर समितीतले आणखी दोघं. सर होतेच. आणि सोपान आला होता, पट्टी बांधून, मामीचा हात न धरता.

बाईंनी दाराशी वाटी बघितली. "हे काय?"

मी सांगितलं. त्यांनी घड्याळ काढून टाकलं, कानातली टाकली. इतर दोघांनी घड्याळं टाकली. मी मंगळसूत्र टाकलं. बांगड्या हातातच ठेवल्या.

"आज या लागणार आहेत," मी म्हटलं.

सरांनी नेहमीसारखा खडा आत फिरवला. "माझी निघत नाही," ते बाईंना म्हणाले. "बोटात रुतलीय. झालं, खडा आत."

बाईंनी मान डोलावली. तेही चालून गेलं.

आत मी लेझरची ताकद अगदी खाली आणली, टेबलाभोवती काळे पुठ्ठे उभे केले, आरशापासून लांब सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि गॉगल वाटले. दिवे घालवले. मग ओरडले, "डोळे!"

समितीतल्यांना काय म्हणायचं ते सांगावं लागलं. "झाकले," ते म्हणाले. "झाकले," सर म्हणाले. मग थोडं थांबून सोपान म्हणाला, "एक कायमचाच झाकलाय, ताई. दुसरा झाकला. सोड."

मी शटर उघडलं. अंधारच राहिला.

"आता मी बांगड्यांचा हात बीममध्ये घालतेय," मी म्हटलं. "माझी जागा होती तिथेच. लाल काही दिसतंय का कुणाला?"

"काहीच दिसत नाहीये," वर्तक बाई म्हणाल्या.

मी हात फिरवला. सोन्याची प्रत्येक बाजू बीमला दाखवली. काळोख.

"तू लाल का विचारतेयस?"

"कारण सोपानच्या डोळ्यात बीम गेला त्या क्षणी मला लाल दिसलं. टेबलाच्या त्या टोकाला. दवाखान्यात पहिल्याच तासाला मी ते सांगितलं होतं. सर म्हणाले, झोप झाली नाही तुझी."

"बाई, हे मी आधीच—" सर बोलू लागले.

"सर, तुम्ही एकदा आरशापाशी या ना."

"कशाला?"

"फक्त हात धरायचा आहे. आरसा हलवता तसा."

"मी तिथे नव्हतोच. हा काय पोरखेळ आहे? बाई, हिनं कबूल करायचं म्हणून आपल्याला बोलावलं—"

"नव्हता ना तिथे, मग हात धरायला काय हरकत आहे?" वर्तक बाई म्हणाल्या. "धरा. जेवायची वेळ झालीय."

पावलं वाजली. ते टेबलापाशी गेले. मी तोपर्यंत शटर मिटवलं होतं. पुन्हा हाक दिली, पुन्हा सगळ्यांचं "झाकले" घेतलं. सरांचं सगळ्यांत शेवटी आलं. शटर उघडलं. काही नाही.

"उजवा, सर," मी म्हटलं. "डावा नको."

यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, ते निघून जातील. गेले असते तर कदाचित मी जिंकले नसतेच. पण एवढ्या लोकांसमोर न धरणं त्यांना जमलं नाही. माणूस फार अभिमानी होता.

आणि लाल पेटलं.

त्यांच्या तळव्याखाली, बोटांच्या फटींतून, गर्द लाल. मुठीत निखारा धरावा तसं. त्या उजेडात त्यांची चार बोटं काळी दिसत होती, आणि पलीकडे त्यांची हनुवटी. कुणीतरी श्वास आत ओढला. ते लाल तिथेच राहिलं, कारण सरांनी हात काढला नाही. का काढला नाही कोण जाणे. मला वाटतं, ते त्यांनाही पहिल्यांदाच दिसत होतं.

हिरवा घेऊन लाल देणारा दगड. जगातला पहिला लेझर माणकाचाच होता. माणिक हिरवा शोषतं आणि स्वतःचा लाल फेकतं; न शोषलेला हिरवा पैलूंवरून उसळतो. एम.एस्सी.ला हे आम्हाला मोघे सरांनीच शिकवलं होतं. फळ्यावर खडूनं काढून.

बोलला सोपान. भिंतीशी, अंधारात, एका डोळ्यानं बघत.

"सर," तो म्हणाला, "माणिक अस्सल निघालं हो तुमचं. काच असती तर पेटली नसती."

मग त्याचा आवाज फुटला. "ते आरशापाशी होते, बाई. आवाज तिकडनंच आला. मी वळलो."

वर्तक बाई म्हणाल्या, "शटर मिटवा. दिवे लावा."

निकाल काय लागला, हे मी लोकांना सांगते तेव्हा ते आणखी काहीतरी ऐकायच्या अपेक्षेनं बघत राहतात. समितीनं ठरवलं, हा अपघात. माझ्यावरचा ठपका गेला, सरांवर आला नाही. मीटर बदलून लाल आकड्यांचा घेतला. सर पुढे संचालक झाले. सूर्यानं आपलं काम चोख केलं. सोपानचा प्रबंध त्यांनी वर्षभर टेबलावर ठेवला, शेवटी वर्तक बाईंनी तो सोडवला. आता तो नगरला कॉलेजात शिकवतो. मुलं म्हणतात, सर आपल्याकडे बघताना मान जरा तिरकी करतात. दिवाळीला त्याचा फोन येतो, मी बोलते. त्या जिन्यावरचा राग गेलाय असं मात्र नाही.

मी मार्गदर्शक बदलला. पहिल्यापासून सुरुवात केली. हेरंबनं एकदा विचारलं, "अजून किती दिवस?" मी म्हटलं, "तू मोज." रेवा आता सहावीत आहे. माझी स्वतःची लहानशी प्रयोगशाळा आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या संस्थेत. दाराशी स्टूल आहे, त्यावर स्टीलची वाटी.

गेल्या वर्षी आमच्या संस्थेनं पाहणीसाठी बाहेरचे पाहुणे बोलावले. त्यात मोघे सर होते. केस पिकलेले, शाल, मागे आमचे चार अधिकारी. कॉरिडॉरमध्येच त्यांनी हात पसरले.

"अगं संज्योत! किती अभिमान वाटतो म्हणून सांगू! माझी विद्यार्थिनी," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "मुलगी कशी आहे? मोठी झाली असेल."

"बरी आहे, सर."

मी स्टुलावरची वाटी उचलून त्यांच्यासमोर धरली. अधिकाऱ्यांची घड्याळं तिच्यात आधीच पडली होती.

त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. अंगठी त्याच बोटात होती. हसून त्यांनी दोन बोटांनी खडा तळव्याकडे फिरवला.

"ही निघत नाही गं. तुला माहितीये."

"माहितीये, सर," मी म्हटलं. "मग तुम्ही बाहेरच थांबा."

अधिकाऱ्यांपैकी एकजण खोकला. मी वाटी स्टुलावर ठेवली, बाकीच्यांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं. आत माझी विद्यार्थिनी शटरपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली.

"डोळे!" ती ओरडली.